पनाय बेटावरील आती लोक



माझा एक जुना विद्यार्थी आगबोटीवर इंजिनखात्यांत नोकरीस आहे. कोंकणांतील घरीं सुटीवर आला म्हणजे तो माझ्याकडे हटकून येतो, आणि सहसा रिकाम्या हातानें येत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं त्यानें मला एक छायाचित्र आणून दाखविलें. एका अरुंद रस्त्यानें माणसांचा लोंढा चालला आहे. प्रत्येकाच्या तोंडाला आणि हातापायांना दाट काजळी फांसलेली. डोक्यावर पिसांचे तुरे, हातांत भाले, कित्येकांच्या गळ्यांत ढोल. एकतीस वर्षें शाळेंत इतिहास-भूगोल शिकविल्यामुळें न विचारतां निदान करण्याची खोड मला जडलेली आहे. मीं म्हटलें, “हे फिलिपाईन्समधले कोणी वन्य लोक दिसतात.” तो हंसून म्हणाला, “नाहीं गुरुजी, हे कारकून, दुकानदार, कॉलेजांतलीं मुलें आहेत. वर्षांतून एकदां हे सारे आती होतात. खरे आती या फोटोंत नाहींत.” त्याच्या बोटीवर पुष्कळसे खलाशी फिलिपिनो आहेत, आणि त्यांतील एक पनाय बेटाचा आहे, त्याच्याकडून त्याला हें कळलें होतें. तें शेवटचें वाक्य माझ्या मनांतून जाईना. तेव्हांपासून या आती लोकांविषयीं जें मिळेल तें मी वाचीत आलों, आणि त्यांतलें कांहीं आज आपल्यापुढें ठेवणार आहें.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर करूं. ‘आती’ या शब्दाचा आपल्या ‘अति’शीं कांहीं संबंध नाहीं. फिलिपाईन्स हा सात हजारांहून अधिक बेटांचा देश. त्याच्या मध्यभागीं जो बेटांचा पुंजका आहे त्यास विसाया म्हणतात, आणि त्याच्या पश्चिम अंगाला पनाय नांवाचें मोठें बेट आहे. इलोइलो, कापिझ, आक्लान आणि अँटिक असे चार प्रांत या एका बेटांत सामावलेले आहेत. पश्चिमेच्या बाजूनें उत्तर-दक्षिण डोंगरांची रांग गेलेली असून पूर्वेकडे सखल सुपीक मैदान आहे. या डोंगरांत, शेजारच्या गिमारास बेटावर, आणि उत्तरेच्या टोंकाजवळील बोराकाय नांवाच्या चिमुकल्या बेटावर आती लोकांच्या वस्त्या विखुरलेल्या आहेत. ठेंगणा बांधा, काळा वर्ण, कुरळे केस, ही त्यांची ठेवण. लुझोन बेटावरील आएता, मिंदानावमधील मामान्वा आणि पालावानमधील बाताक हे त्यांचे सगोत्र मानले जातात. स्पॅनिश लोकांनीं या सर्वांना ‘नेग्रितो’, म्हणजे ‘लहानखुरे काळे’, असें एकच नांव देऊन टाकलें. पनायच्या शेजारीं जें मोठें बेट आहे त्याचें जुनें नांव बुग्लास; तेथें हे काळे लोक दिसले म्हणून स्पॅनिशांनीं त्याला ‘नेग्रोस’ म्हटलें. नकाशांत आजहि तेंच छापतात. रहिवाशांच्या रंगावरून बेटाचें बारसें करणाऱ्यांनीं त्या रहिवाशांना त्यांचें स्वतःचें नांव विचारल्याचें दिसत नाहीं.

आमच्या विद्यार्थिदशेंतील पुस्तकांतून अंदमानचे मूळ रहिवासी, मलायांतील सेमांग आणि फिलिपाईन्समधील हे लोक अशा तिघांची एकच ‘नेग्रितो जात’ सांगितलेली असे. मीहि मुलांना तसेंच सांगत आलों. आतां रक्तांतील वंशसूत्रांच्या अभ्यासावरून असें दिसतें कीं हें साम्य बरेंचसें वरवरचें आहे. फिलिपाईन्सच्या या लोकांत डेनिसोव्हन नांवाच्या एका लुप्त मानवशाखेचा अंश स्पष्ट सांपडतो, अंदमानच्या लोकांत तो जवळजवळ नाहीं. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनांत लुझोनमधील आएतांच्या एका शाखेंत हा अंश जगांत सर्वांत अधिक असल्याचें आढळलें. त्याच संशोधनाप्रमाणें या लोकांचे पूर्वज चाळीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं या भूमींत येऊन पोंचले होते. आज ज्यांना आपण फिलिपिनो म्हणून ओळखतों त्यांचे शेतकरी आणि दर्यावर्दी पूर्वज उत्तरेकडून, तैवानच्या बाजूनें, होड्यांतून आले ते सुमारें चार हजार वर्षांमागें. म्हणजे एकाच्या वास्तव्याच्या मानानें दुसऱ्याचें वास्तव्य दहावा हिस्साहि भरत नाहीं. शिक्षकाच्या हातून चुकीचें शिकविलें गेलें असेल तर त्यानें तें कबूल करावें, म्हणून हा उल्लेख.

आतां पनाय बेटावरील प्रत्येक शाळकरी मुलाला तोंडपाठ असलेली गोष्ट सांगतों. बोर्निओ बेटावर माकातुनाव नांवाचा एक जुलमी राजा होता. त्याच्या छळास कंटाळून दहा सरदार आपापल्या बायकामुलांसह आणि सेवकांसह होड्यांत बसून रात्रींच्या रात्रीं निघाले. सरदाराला तिकडे ‘दातू’ म्हणतात, आणि त्या दहांचा म्होरक्या दातू पुती. ते पनायच्या दक्षिण किनाऱ्यास लागले. तेथें मारिकुदो हा आतींचा नायक राज्य करीत होता. भांडण झालें नाहीं, रक्त सांडलें नाहीं, सौदा झाला. दातूंनीं मारिकुदोला सोन्याचा ‘सालाकोत’, म्हणजे उन्हापावसांत डोक्यावर घालण्याची आपल्या इरल्याच्या जातीची टोपी, भरीव सोन्याची करून दिली. मारिकुदोची बायको मानिवांगतिवान हिला एवढ्यानें समाधान झालें नाहीं. तिनें गळ्यांतून जमिनीपर्यंत लोंबेल असा सोन्याचा हार मागितला, आणि तोहि मिळाला. मग खाणेंपिणें झालें, गाणींनाच झाला, आणि आती लोक सखल मैदान पाहुण्यांना सोडून डोंगरांत निघून गेले. पाहुण्यांनीं बेटाचे तीन भाग केले: सुमाक्वेलकडे अँटिक, बांगकायाकडे आक्लान आणि पायबुरोंगकडे इलोइलो. दातू पुती स्वतः आणखी पुढें निघून गेला.

गोष्ट मोठी गोड आहे. एखाद्या बेटाचा ताबा युद्धाशिवाय बदलला, एवढेंच नव्हे तर घेणाऱ्यानें रोख किंमत मोजली, असा दाखला जगाच्या इतिहासांत फार थोड्या ठिकाणीं मिळेल. त्यामुळें तेराव्या शतकांतील खरीखुरी घटना म्हणून ती पाठ्यपुस्तकांत गेली. परंतु या गोष्टीचा कागद शोधूं लागलें म्हणजे काय सांपडतें? सांपडतें तें ‘मारागतास’ नांवाचें पुस्तक. तें १९०७ सालीं छापलें गेलें, आणि तें लिहिणारा पेद्रो मोंतेक्लारो हा इलोइलो प्रांतांतील मियागाव येथील गृहस्थ. प्रस्तावनेंत त्यानें जुन्या जीर्ण कागदांचा उल्लेख केलेला आहे. पण ते कागद कोणीं पाहिलेले नाहींत. विल्यम हेन्री स्कॉट या अमेरिकन अभ्यासकानें फिलिपाईन्सच्या प्राचीन साधनांची कसून छाननी करून १९६८ सालीं आपला प्रबंध सादर केला. त्याचा निष्कर्ष असा कीं, ‘मारागतास’ ही बनावट नव्हे, मोंतेक्लारोनें लोकांच्या तोंडीं असलेल्या कथा प्रामाणिकपणें जमविल्या. पण प्राचीन दस्तऐवज म्हणून तिच्यावर भार टाकतां येत नाहीं. हा भेद बारीक आहे आणि महत्त्वाचा आहे. बखर आणि सनद यांतला फरक आपल्या श्रोत्यांस समजावून सांगावयास नको.

माझ्यापुरतें विचाराल तर या गोष्टींतून तेराव्या शतकांत काय घडलें यापेक्षां, ती सांगणाऱ्यांना काय हवें होतें, हेंच मला अधिक स्पष्ट दिसतें. मैदानांतल्या लोकांना आपला ताबा न्याय्य असल्याची साक्ष हवी होती. विकत घेतलें म्हटलें कीं प्रश्न मिटतो. आणि किंमत पुन्हां कशाची, तर एक टोपी आणि एक हार. विकणारा भोळा, त्याची बायको दागिन्यांची हांवरी! एवढ्या मोठ्या सौद्यांत घेणाऱ्याच्या वाट्याला एकहि दोष आलेला नाहीं. शिवाय मृगया करीत, कंद खणीत आज या ओढ्याकांठीं तर उद्यां त्या डोंगरउतारावर राहणाऱ्या लोकांत ‘ही जमीन माझी, ती मी तुला विकतों’ ही कल्पनाच कोठून असणार? वाटेकरी होण्याची परवानगी त्यांनीं दिली असेल. ती खरेदीखत म्हणून वाचली गेली असावी. अर्थात् हा माझा तर्क आहे.

याच विसाया लोकांची सृष्ट्युत्पत्तीची एक कथा आहे. तिचा एक पाठ पनायमध्यें राहिलेल्या मिगेल दे लोआर्का या स्पॅनिश अधिकाऱ्यानें १५८२ सालीं लिहून ठेविला, आणि पुढें १९१६ सालीं मेबल कुक कोल यांच्या लोककथासंग्रहांत ती पुन्हां आली. आदिपित्याला मुलें फार झालीं, आळशी निघालीं, म्हणून तो काठी घेऊन त्यांच्या मागें लागला. मुलें वाट फुटेल तिकडे लपलीं. कोलबाईंच्या पाठांत आंतल्या खोल्यांत लपलेल्यांचे सरदार झाले, भिंतींत लपलेल्यांचे गुलाम झाले, बाहेर पळालेले स्वतंत्र माणसें झालीं, समुद्राकडे पळालेल्यांचीं मुलें पुढें गोरीं होऊन परत आलीं. आणि जीं चुलींत लपलीं तीं काळीं झालीं. म्हणजे आतींसारख्यांना या घरांत जागा आहे, पण ती चुलीच्या काजळींत!

आती लोकांची खरी राहणी कशी होती? धनुष्यबाण हें त्यांचें मुख्य हत्यार. रानडुक्कर आणि हरिण ही त्यांची शिकार, ओढ्यांतील मासे आणि खेकडे, रानांतले कंद, मध आणि फळें. पालापाचोळ्याचीं आणि बांबूचीं हलकीं खोपटें. चार दिवस राहावें, आणि शिकार हटली कीं पुढें सरकावें. डोंगरउतारावरचें रान तोडून, जाळून त्या राखेंत पेरणी करण्याची पद्धतहि त्यांनीं उचलली. आपल्याकडे जिला कुमरी म्हणतात तीच ही. वेत आणि वेली यांचें विणकाम ते सुरेख करतात. पण मैदानांतल्या लोकांत त्यांची कीर्ति आहे ती झाडपाल्याच्या ज्ञानाबद्दल. कोणती मुळी तापावर, कोणती साल पोटदुखीवर, कोणता पाला बाळंतिणीस, हें त्यांस माहीत. मध, मेण, वेत आणि औषधी देऊन तांदूळ, कापड आणि लोखंड घ्यावें, असा देवघेवीचा संबंध मैदानाशीं दीर्घकाळ होता. आजहि इलोइलो शहराच्या पदपथावर मुळ्या, साली आणि तेलाच्या बाटल्या मांडून बसलेल्या आती स्त्रिया दिसतात. ज्या गल्लींत त्यांस कोणी घरांत घेणार नाहीं त्याच गल्लींतल्या आया मुलाला बरें वाटेना म्हणजे त्यांच्याकडे वळतात.

या देवघेवीचा तोल बिघडला तो एकोणिसाव्या शतकांत, आणि त्याचें कारण साखर. १८५५ सालीं इलोइलोचें बंदर परदेशी व्यापारास खुलें झालें. दुसऱ्याच वर्षीं निकोलस लोनी हा इंग्रज उपवकील तेथें दाखल झाला. त्यानें उंसाच्या लागवडीस भांडवल आणि यंत्रें मिळवून दिलीं. पनाय आणि विशेषतः नेग्रोस या बेटांवर पाहतां पाहतां उंसाचे मळे पसरले. रान मागें हटलें. मळेवाल्यांना मजूर हवे होते आणि रान गेलेल्यांना पोट होतें. त्यामुळें आती मळ्यांवर रोजावर जाऊं लागले. पुढें लांकूडतोड आली, वाढत्या वस्तीची शेती डोंगरावर चढली. ज्या रानडुकरावर आणि ठिपकेवाल्या हरणावर त्यांचे पूर्वज जगले त्या दोन्ही विसाया जाती आज नामशेष होण्याच्या पंथाला लागल्या आहेत. शिकारीचें ज्ञान हातांत आहे पण शिकार नाहीं, अशी ही स्थिति. इलोइलो प्रांतांतील बारोताक व्हिएखो या गांवाजवळ नागपाना नांवाची आतींची स्थायिक वसाहत आहे. अशा वसाहतींतून ते आतां शेती, मजुरी करतात आणि मुलांस शाळेंत पाठवितात. पुष्कळ जण ख्रिस्ती झालेले आहेत.

त्यांच्या भाषेची कथा मला सर्वांत विलक्षण वाटते. फिलिपाईन्समधील या सर्व काळ्या वर्णाच्या जमातींनीं आपल्या अतिप्राचीन मूळ भाषा केव्हांच गमावल्या. नंतर आलेल्या शेतकऱ्यांच्या भाषा त्यांनीं घेतल्या. आतींच्या भाषेस ‘इनाती’ म्हणतात, आणि तीहि याच कुळांतली. परंतु आश्चर्य असें कीं ती सभोंवारच्या एकाहि भाषेशीं जवळून जुळत नाहीं. भाषापंडितांनीं तिला फिलिपाईन्सच्या भाषांत एक स्वतंत्र फांदी मानलें आहे. म्हणजे इतक्या जुन्या काळीं ती मूळ खोडापासून निराळी झाली कीं तिच्या जवळच्या बहिणी उरल्या नाहींत. बाहेरच्या अभ्यासकांना तिची नीट ओळख १९८० नंतरच्या दशकांत झाली. त्याचें कारण साधें आहे: आती माणूस परक्यापुढें इनाती बोलतच नाहीं. बाजारांत तो किनाराय-आ, हिलिगायनोन, नाहीं तर आक्लानोन बोलतो. इनाती घरांत, चुलीपाशीं. जी लपवून ठेवली म्हणून वांचली तीच भाषा आतां लपवून ठेवल्यामुळें मुलांच्या तोंडून नाहींशी होत चालली आहे. जातां जातां एक गंमत सांगतों. मलाया-जावाच्या मार्गानें संस्कृत शब्द या द्वीपसमूहापर्यंत पोंचले. मनिलाकडच्या तागालोग भाषेंत चेहऱ्याला ‘मुखा’ म्हणतात, आणि शाळामास्तराला ‘गुरो’. माझा विद्यार्थी बोटीवर माझें नांव काढतो तेव्हां त्याच्या फिलिपिनो सोबत्यांना ‘गुरुजी’ शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाहीं.

आतां त्या छायाचित्राकडे येतों. आक्लान प्रांतांतील कालिबो या गांवीं जानेवारीच्या तिसऱ्या रविवारीं ‘आती-आतिहान’ नांवाचा उत्सव भरतो. शब्दाचा अर्थच ‘आतींचें सोंग’. उत्सव आहे ‘सान्तो निन्यो’चा, म्हणजे बाल येशूचा, पण दंतकथा अशी कीं डोंगरांत अन्न तुटलें तेव्हां आती खालीं आले, मैदानवाल्यांनीं त्यांस धान्य दिलें, आती नाचले, आणि त्यांच्या आनंदांत सहभागी होण्यासाठीं मैदानवाल्यांनीं तोंडाला काजळी लावली. दुसरे सांगतात कीं, सोन्याच्या टोपीच्या सौद्यानंतर पाहुण्यांनींच आतींसारखें दिसावें म्हणून तोंडें काळीं केलीं. इलोइलो शहरांत चौथ्या रविवारीं ‘दिनाग्यांग’ होतो. त्याची सुरुवात १९६८ मधली, सेबूहून बाल येशूची मूर्ति आणली तेव्हांची. तेथें शाळाशाळांचे ताफे महिनोन्‌महिने कवाईत करून, काळा रंग माखून, आतींच्या टोळ्या म्हणून स्पर्धेंत उतरतात. ती शिस्त, तो ठेका आणि हजार पायांचा एकच पदन्यास पाहून कवाईतमास्तरहि तोंडांत बोट घालील. त्याचें कौतुक मी कमी करूं इच्छीत नाहीं. परंतु त्याच शहराच्या रस्त्याकडेला मुळ्या विकणारी बाई त्या दिवशीं काय पाहत असेल, हा प्रश्न राहतोच. तिला रंग लावावा लागत नाहीं, आणि ढोल थांबल्यावर धुऊन टाकतां येत नाहीं.

आणि शेवटीं बोराकाय. लांबीनें दोन-तीन कोस, क्षेत्र हजार हेक्टरांच्या आसपास; पिठासारख्या पांढऱ्या वाळूचा किनारा. आती तेथें मासे धरीत, नारळाच्या सावलींत राहत. १९७० नंतर प्रवाश्यांना या वाळूचा शोध लागला, आणि मग हॉटेलांमागून हॉटेलें उठलीं. आतींजवळ कागद नव्हता. जेथें झोपडी होती तेथून एक दिवस उठावयास सांगणारा येई, आणि त्याच्याजवळ मात्र कागद असे. सरकत सरकत सुमारें दोनशें माणसांचा हा समाज दुसऱ्याच्या जागेंत आश्रित झाला. फिलिपाईन्सनें १९९७ सालीं मूळ रहिवाश्यांच्या हक्कांचा कायदा केला. त्या अन्वयें २०११ च्या जानेवारींत बोराकायच्या आतींना पिढीजात भूमीचा दाखला मिळाला. किती जमिनीचा? २.१ हेक्टर, आपल्या हिशेबानें पांच एकरांच्या आंतबाहेर. त्यावरहि दुसऱ्यांनीं दावे लावले. २०१२ सालीं ते त्या जागेंत राहावयास गेले, तेव्हां कुंपण उभें करतांना वाद झाले. २२ फेब्रुवारी २०१३ च्या रात्रीं, या समाजाचा सव्वीस वर्षांचा प्रवक्ता डेक्स्टर कोंदेझ सभेहून घरीं परतत असतां गोळ्या घालून मारला गेला.

२०१८ सालीं बेटाची घाण पाहून राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनीं बोराकाय सहा महिने प्रवाश्यांना बंद ठेविलें, आणि त्याच नोव्हेंबरांत स्वतः येऊन आतींना आणखी सुमारें तीन हेक्टर शेतजमिनीचे दाखले वांटले. त्यांनीं तेथें भाजीपाला लावला, तो हॉटेलांना विकूं लागले. परंतु जमिनीवर दावा सांगणारे जमीनखात्याकडे गेले; ही जमीन शेतीस योग्यच नाहीं असें ठरलें, त्यांतील दाखले रद्द झाले, आणि २०२४ मध्यें पहारेकऱ्यांनीं येऊन कुंपण घातलें. म्हणजे ज्यांत भाजी पिकत होती ती जमीन कागदावर नापीक ठरली.

२.१ हेक्टरांवरची जुनी वसाहत मात्र राहिली आहे. पुरुष बांधकामावर, होड्यांवर जातात. स्त्रिया हॉटेलांत काम करतात. माझा विद्यार्थी पुढच्या महिन्यांत पुन्हां बोटीवर रुजू होणार आहे. त्याला मीं सांगून ठेवलें आहे कीं, पनायच्या त्या खलाशाला विचारून पाहा; इनाती बोलणारें कोणी त्याच्या ओळखीचें असलें, आणि त्यांची हरकत नसली, तर पाणी, आई, मध, घर असे दहावीस शब्द मला लिहून आण.